गुंजेचा ऐंशीवा हिस्सा

कॉलेजच्या ऑफिसातून माझं बिल परत आलं तेव्हा त्यावर लाल पेनने एकच प्रश्न लिहिलेला होता : ‘वस्तू उपभोग्य की टिकाऊ?’ वस्तू होती अर्धा ग्रॅम चोख सोनं. साल २००४, किंमत तीनशे रुपयांच्या आतबाहेर. प्रश्न चुकीचा नव्हता. ॲसिड, फिल्टर पेपर, स्पिरिट या गोष्टी वापरल्या की संपतात, त्या उपभोग्य. तराजू, बर्नर, स्टँड टिकाऊ, त्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला. सोनं उपभोग्य दाखवलं तर उद्या ऑडिटवाला विचारणार, सोनं संपलं कसं? टिकाऊ दाखवलं तर दर मार्चला मोजणीच्या वेळी समोर ठेवावं लागणार, आणि मी तर ते आल्या दिवशीच अम्लराजात विरघळवणार होतो. हेडक्लार्कना म्हटलं, ‘‘सोनं जाणार नाही कुठं, बाटलीत पिवळ्या पाण्याच्या रूपात राहील.’’ त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर मी बिल फाडलं आणि पदरचे पैसे घातले.

आईला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. ‘‘सोनं ॲसिडात घातलंस? सुनंच्या नाकात घातलं आसतंस तर दिसलं तरी आसतं.’’

आम्ही काष्टीचे. दौंडहून मनमाडकडे जाणारी गाडी भीमा ओलांडून नगर जिल्ह्यात शिरते, की पहिलंच ठळक गाव आमचं. ही लाइन १८७८ची. पण काष्टीला लोक ओळखतात ते शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे. वडील बैलांची दलाली करायचे. लहानपणी शनिवारची शाळा सकाळची, ती सुटली की मी बाजारात. उपरण्याखाली दोघांचे हात, बोटांवर बोटं दाबली जाताहेत, तोंडाने मात्र हवापाण्याच्या गप्पा. आकडा उपरण्याखालीच ठरायचा. बैलाचं वय दातावरून : आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला. वडील ओठ उचलायचे, एकदा बघायचे आणि सोडायचे. मोजमापाची माझी पहिली ओळख ती.

त्याच बाजारात मी पुढे ज्या रंगावर पाच-सहा वर्षं घालवणार होतो, तो रंग पहिल्यांदा पाहिला. बैलाच्या खांद्याला जू घासून जखम झाली की तिच्यावर जांभळं औषध फासत. लहान मुलांच्या तोंडात फोड आले की तेच कापसाने लावत आणि पोरांची तोंडं जांभळं खाल्ल्यासारखी व्हायची. जेन्शियन व्हायोलेट. त्यातला मुख्य ऐवज म्हणजे क्रिस्टल व्हायोलेट. हा रंग १८८३ सालचा, जर्मनीत रेशीम-लोकर रंगवायला काढलेला. लगेच पुढच्या वर्षी डेन्मार्कच्या हान्स ग्रामने त्या जातीच्या रंगाने जंतू रंगवून दाखवले आणि सूक्ष्मजीवशास्त्राची अर्धी इमारत त्यावर उभी राहिली. त्याचं एक भावंड मॅलाकाइट ग्रीन, माशांच्या तळ्यात बुरशीवर टाकतात आणि लबाड व्यापारी वाटाण्यालाही लावतात. दुसरा नातेवाईक ऱ्होडामाइन बी, तो गुलाबी. २०२४मध्ये तामिळनाडू नि पुद्दुचेरीत, मग कर्नाटकात म्हातारीच्या केसांवर बंदीची कुऱ्हाड आली ती त्याच्यामुळे. आम्ही जत्रेत जो गुलाबी कापूस चाटून खाल्ला, त्यात काय होतं हे आता न विचारलेलंच बरं.

हे तिन्ही रंग सोनं ओळखतात. माझा पीएच.डी.चा विषय हाच : पाण्यातलं अत्यल्प सोनं रंगाच्या मदतीने मोजणं.

अत्यल्प म्हणजे किती, ते सोनाराच्या भाषेत सांगतो. बारा मासे म्हणजे एक तोळा, आठ गुंजा म्हणजे एक मासा. एक गुंज भरते साधारण १२१ मिलिग्रॅम. त्या एका गुंजेचे सव्वा लाख तुकडे करा, त्यातला एक तुकडा म्हणजे जवळपास एक मायक्रोग्रॅम. आम्ही पाच, सात, दहा मायक्रोग्रॅम मोजत होतो. दागिन्यात किती टक्के सोनं आहे, हे बघायला कसोटीचा दगड आहे, आणि नेमकं हवं असेल तर आगीची रीत आहे : शिशाबरोबर वितळवायचं, शिसं मुशीत जिरवायचं, उरलेल्या गोळीतली चांदी नायट्रिकने काढायची, मग सोनं तोलायचं. हॉलमार्कच्या सेंटरमध्ये आजही तेच चालतं. आपल्याकडच्या खानापूर-आटपाडीच्या गलाईवाल्यांनी तर असल्या भट्ट्या देशभरातल्या सराफ्यांत नेल्या. पण ही सगळी कामं तोलता येण्याजोग्या सोन्याची. जे तोलता येत नाही, तिथे रंग लागतो.

कसं, ते सांगायला फार रसायनशास्त्र लागत नाही. अम्लराज म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक. त्यात सोनं विरघळतं आणि चार क्लोरीन अंगाला बांधून घेतं. असा हा ऋणभाराचा गडी. क्रिस्टल व्हायोलेट धनभाराचं. दोघांची जोडी जमली की भार फिटतो, आणि ही जोडी आकाराने मोठी, तेलकट प्रकृतीची असल्यामुळे तिला पाण्यात राहवत नाही. वर टोल्युइन ओतून फनेल हलवलं की ती टोल्युइनमध्ये चढते. सोनं न मिळालेला रंग खाली पाण्यातच बसून राहतो. म्हणजे वरच्या थराचा रंग जितका गडद, तितकं सोनं जास्त. तो थर काचेच्या चौकोनी नळीत, म्हणजे क्युव्हेटमध्ये भरायचा, त्यातून ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी प्रकाश सोडायचा आणि किती अडला ते यंत्रावर वाचायचं. दहा मिलिलिटर टोल्युइनमध्ये दहा मायक्रोग्रॅम सोनं असलं तर जवळजवळ दोनतृतीयांश प्रकाश अडतो. एवढ्याशा सोन्याने!

बघायला हे फार देखणं आहे. जांभळा रंग आम्लात टाकला की निळा पडतो, आम्ल वाढवलं तर हिरवा होतो, आणखी वाढवलं तर पिवळा. माझ्या कामाच्या आम्लतेला खालचं पाणी निळसर हिरवं असायचं. सेपरेटिंग फनेल दोन्ही हातांनी धरायचं, बूच दाबून मिनिटभर हलवायचं, मध्येच उलटं करून कोंडलेली वाफ तोटीतून सोडायची, मग स्टँडवर ठेवून वाट बघायची. आधी सगळं दुधाळ. हळूहळू मधोमध एक रेघ उमटते, थेंब एकमेकांत मिसळत वर जातात, आणि वरच्या थरात निळसर जांभळा रंग स्वच्छ होत जातो. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी लॅबच्या शिपायाला हाक मारून दाखवलं होतं. तो म्हणाला, ‘‘सर, गुरांचं औषध हाय की हे.’’

माझे मार्गदर्शक सर पुण्यातले. त्यांच्या टेबलावर सँडेलचं धातूंच्या सूक्ष्म मापनावरचं जाडजूड पुस्तक कायम उघडं, शेजारी आयआयटी मुंबईच्या श्रीपाद खोपकरांचं. सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनमध्ये महाराष्ट्राचा हात कुणी धरू नये असा तो काळ. खोपकरांनी डे आणि चाल्मर्स यांच्याबरोबर लिहिलेलं १९७०चं पुस्तक जगभर वापरलं गेलं, आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात शिंदे, अनुसे यांच्याकडून सोनं, पॅलॅडियम, प्लॅटिनमवर शोधनिबंधांची रांग लागली होती. आम्ही त्या पंगतीत शेवटच्या पानावर. पण सरांनी मला जे शिकवलं ते या पुस्तकांत अर्ध्या ओळीत उरकलेलं असतं : ब्लँक. कोरा नमुना. सगळं घालायचं, पाणी, आम्ल, रंग, टोल्युइन, फक्त सोनं घालायचं नाही, आणि तेही तितक्याच काळजीने मोजायचं. पहिल्या वर्षी सरांनी मला सोन्याला हात लावू दिला नाही. आठ महिने मी कोऱ्या बाटल्या मोजल्या. घरी विचारायचे, ‘‘आज किती सोनं सापडलं?’’ सांगायचो, ‘‘आज घातलंच नव्हतं.’’

या आठ महिन्यांत कळलं की सोनं नसतानाही वरच्या थराला रंग येतो. थोडा, पण येतो. डिस्टिल्ड वॉटर चांगलं नसेल तर जास्त येतो, आणि आमच्याकडे डिस्टिल्ड वॉटर चांगलं असणं ही चैन. एक लिटर काढायला थंड करण्यात दहा-पंधरा लिटर पाणी वाहून जातं. घोड धरणाचं आवर्तन लांबलं की कॉलेजला टँकर यायचा, तेव्हा प्रिन्सिपॉलसाहेबांना ते वाहणारं पाणी दिसू नये म्हणून मी नळी खिडकीबाहेरच्या झाडांत सोडायचो. त्यात लोडशेडिंग. २००६च्या सुमाराला ग्रामीण भागात दिवसाचे कितीतरी तास वीज नसायची. यंत्राचा दिवा स्थिर व्हायला अर्धा तास जायचा, म्हणजे वीज आल्यावर पहिल्या अर्ध्या तासातलं माप भरवशाचं नाही. शेतकरी मोटर चालू करायला रात्री उठायचा, मी स्पेक्ट्रोफोटोमीटर चालू करायला.

नानीच्या पाटल्यांचं प्रकरण याच २००६मधलं, दिवाळीनंतरचं.

नानी आमच्या गल्लीतली, आईच्या बरोबरीची. दुपारी घरात ती आणि सून. दारात दोघं तरुण आले, पितळेचा तांब्या फुकट घासून चकाचक करून दिला. मग सुनेची जोडवी. मग नानीच्या पाटल्या. त्यांच्याजवळच्या वाडग्यात बुडवून, ब्रशने घासून काढल्या आणि नानीच्या पातेल्यात हळदीच्या पाण्यात घातल्या. ‘‘अर्धा तास झाकण काढू नका, आजी.’’ अर्ध्या तासात ते दौंडच्या पुढे पोचले असतील. पाटल्या पातेल्यातच होत्या, चोरीला काहीच गेलं नव्हतं. फक्त अंगाला गुळगुळीत लागायच्या त्या खरखरीत लागायला लागल्या. चार दिवसांनी तिच्या थोरल्या मुलाने दौंडला तोलून आणल्या. चार तोळ्यांत साडेतीन ग्रॅम कमी.

पेपरात असल्या बातम्या वाचलेल्या होत्याच. अम्लराजात दागिना दोन मिनिटं बुडवला की वरचा पापुद्रा विरघळून पाण्यात येतो, चोर वाडगं घेऊन जातो आणि घरी बसून सोनं खाली उतरवतो. पण थोरल्याचा राग तिकडे गेलाच नाही. पाटल्या केल्या होत्या गावातल्या तात्या सोनारांनी, वीस वर्षांपूर्वी. तेव्हापासून कधी तोललेल्या नाहीत. थोरला म्हणाला, ‘‘त्या पोरांनी काय केलंय, उजळून दिल्यात. मुळातच कमी भरल्या असतील तर?’’ गावात हे वाक्य एका दिवसात तात्यांच्या दुकानापर्यंत गेलं. तात्या माझ्याकडे आले. बसले नाहीत. उंबऱ्यातूनच म्हणाले, ‘‘मास्तर, चाळीस वर्षं काटा धरलाय मी. तू सोनं मोजतोस म्हंतात. मोज मग.’’

मोजायला काही तरी हवं. ते होतं, आणि कशामुळे होतं ते ऐकण्यासारखं आहे. पाटल्या काढल्यावर नानीने ते हळदीचं पाणी टाकलं नव्हतं. सोन्याला लागलेलं पाणी, लक्ष्मीचं पाणी, मोरीत कसं ओतायचं? लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत भरून देवघराच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. पावशेराच्या आसपास पाणी, तळाला हळदीचा गाळ. चोरांचं वाडगं गेलं होतं, पण पाटल्या त्या वाडग्यातून निघताना अंगावर जो थेंबभर ओलावा घेऊन आल्या असतील, तो या बरणीत असणार.

वरचं निवळ पाणी थोडं घेतलं, आम्लता जुळवली, रंग घातला, टोल्युइन, फनेल हलवलं. वरचा थर हिरवट काळा दिसला. हळदीचा पिवळेपणाही टोल्युइनमध्ये चढला होता, पण त्याची चिंता नव्हती, हळद निळ्या-जांभळ्या प्रकाशाला अडवते, ६००ला ती बाजूला होते. यंत्रावर आकडा आला ०.९. ब्लँक ०.०४. मी हिशेब केला आणि त्याच संध्याकाळी जाऊन सांगून आलो, आधी तात्यांना, मग नानीच्या ओट्यावर : सोनं आहे, पाण्यात उतरलंय, चोरांनीच नेलंय. तात्यांनी हात जोडले. थोरला गप्प बसला.

रात्री वीज साडेअकराला गेली आणि अंधारात पडल्यापडल्या लक्षात आलं की मी काय केलं होतं. नायट्रिक! अम्लराजात नायट्रिक असतं, म्हणजे त्या पाण्यात नायट्रेट असणार, आणि नायट्रेटही ऋणभाराचं. त्याचीही क्रिस्टल व्हायोलेटशी जोडी जमते. सोन्याइतकी घट्ट नाही, पण भरपूर नायट्रेट असलं तर वरच्या थरात रंग चढवायला पुरेशी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या स्वतःच्या थिसिसच्या तिसऱ्या प्रकरणात, अडथळा आणणाऱ्या आयनांच्या तक्त्यात, ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पण समोर शेजारी उभा असला, तात्या उंबऱ्यात उभे असले, की तक्ता आठवत नाही.

सकाळी पहिलं काम ते केलं. स्वच्छ पाणी, थोडं नायट्रिक, सोनं अजिबात नाही. रंग घातला, हलवलं. वरचा थर छान जांभळा. मग बरणीतलं पाणी वॉटर बाथवर आटवलं, हायड्रोक्लोरिक घातलं, पुन्हा आटवलं, असं तीनदा, चिमूटभर मीठ घालून, कारण मीठ नसेल तर शेवटी कोरडं पडताना सोनं फुटून धातू होतं आणि काचेला चिकटतं. नायट्रिक सगळं उडालं. पुन्हा मोजलं. ०.०६. ब्लँक ०.०४. म्हणजे सोनं जवळजवळ नाही.

हे जाऊन सांगायचा मला दोन दिवस धीर झाला नाही, आणि त्या दोन दिवसांत मी तात्यांच्या दुकानावरून गेलो नाही, वळसा घालून स्टेशनच्या रस्त्याने गेलो. शेवटी सरांना पुण्याला फोन केला. रागावतील वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, ‘‘गाळाचं काय केलंस?’’

गाळ मी बाजूला ठेवला होता. त्याच्याकडे आता नीट पाहिलं. हळद कितीही दिवस भिजली तरी तिचा रंग तपकिरी-जांभळा होत नाही. बरणीचा तळ तसा दिसत होता, वांग्याच्या सालीसारखा, आणि मी तो घाण समजून सोडून दिला होता. सोन्याचं पाणी सेंद्रिय पदार्थाला लागलं की सोनं पुन्हा धातू होतं, अतिशय बारीक कणांच्या रूपात, आणि त्या कणांचा रंग पिवळा नसतो, जांभळा-लाल असतो. माझ्या बोटांवर सोन्याच्या द्रावणाचे थेंब पडले की दुसऱ्या दिवशी जांभळे डाग उमटायचे, साबणाने जायचे नाहीत. फिल्टर पेपरवरही उमटायचे. युरोपात काशियसच्या नावाने ओळखला जाणारा जांभळा रंग सतराव्या शतकापासून काचेत, मीनाकामात वापरतात, तो असलाच, सोन्याचा. हे सगळं मला पाठ होतं. हळद हे काम करील हे फक्त सुचलं नाही. चोरांनी हळदीचं पाणी घालायला सांगितलं होतं ते वेळ काढण्यासाठी आणि खडबडीत झालेल्या सोन्यावर पिवळेपणा दिसावा म्हणून असणार. त्याच हळदीने वाडग्यातून आलेलं सोनं धरून तळाशी बसवलं होतं.

गाळ जाळला, राख अम्लराजात विरघळवली, पुन्हा ते तीन वेळचं आटवणं, पुन्हा मीठ. लोखंडही होतं त्यात, पातेल्याचं. पण लोखंड टोल्युइनमध्ये चढायचं तर आम्ल खूप तीव्र लागतं, माझ्या आम्लतेला ते खालीच राहतं. यावेळी घाई केली नाही. वीज दुपारी दोनला आली, अडीचला यंत्र स्थिर झालं. द्रावण शंभर मिलिलिटर केलं, त्यातलं थोडं आणखी विरळ केलं, त्यातलं पाच मिलिलिटर घेतलं. ब्लँक वजा करून ०.३८. तरीही विश्वास ठेवला नाही. तेवढ्याच दुसऱ्या नमुन्यात माझ्या बाटलीतल्या सोन्याचे मोजून पाच मायक्रोग्रॅम मुद्दाम घातले. रंग खरोखर सोन्याचाच असेल तर आकडा पावभर वाढला पाहिजे. ०.६३. वाढला.

हिशेब करता बरणीभर पाण्याच्या गाळात दीड मिलिग्रॅम सोनं निघालं. गुंजेचा ऐंशीवा हिस्सा.

यावेळी मी आधी तात्यांकडे गेलो नाही, कारण एक शंका उरली होती आणि ती थोरला विचारणारच होता : जुन्या पाटल्या नुसत्या घासल्या तरी एवढं सोनं झिजून निघत नसेल कशावरून? उत्तर तात्यांनीच दिलं. त्यांना घरी बोलावून सगळं सांगितलं, आधीच्या चुकीसकट. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, नानीकडून एक पाटली मागवून घेतली, गल्लीतल्या चार माणसांसमोर रिठ्याच्या पाण्यात बुडवून ब्रशने घासली, जशी ते वीस वर्षांपूर्वी घासायचे तशी, आणि ते पाणी, ब्रश धुतलेलं पाणीसुद्धा, माझ्या हातात दिलं. ‘‘आता हेबी मोज.’’ त्याचा आकडा ब्लँकपेक्षा किंचितच वर आला. गाळातल्याच्या जवळपासही नाही.

साडेतीन ग्रॅम गेले ते गेलेच. माझ्या कागदाने त्यातला कणही परत येणार नव्हता, आणि पोलिसांत दिलेल्या तक्रारीला तो जोडताही येणार नव्हता. तिथे सरकारी प्रयोगशाळेचा दाखला लागतो, कॉलेजातल्या मास्तराचा नाही. तक्रारीत ‘अनोळखी इसम’ राहिले ते राहिलेच. थोरल्याने तात्यांची माफी मागितली असं मी ऐकलं नाही. पण माघात त्याच्या मुलीचं बारसं झालं आणि तिचे डूल तात्यांच्याच दुकानातून आले, तोलून, पावतीसकट. तोलताना तो काट्यावर वाकून बघत होता, आणि तात्यांनी काटा मुद्दाम त्याच्याकडे फिरवून ठेवला होता.

हॉलमार्क सक्तीचा होईपर्यंत, म्हणजे २०२१पर्यंत, आमच्या बाजूला सोनं बहुतेक अशाच विश्वासावर घेतलं जायचं. तात्या तेवढे जगले नाहीत. पण त्या दिवसांनंतर ते माझ्या कामाचे फार चाहते झाले. दुकानातला केर ते दरवर्षी त्यातलं सोनं काढणाऱ्या झारेकऱ्याला विकायचे. आता त्याला देण्याआधी मूठभर माझ्याकडे पाठवायचे, झारेकऱ्याने भाव बरोबर दिला का बघायला. मी मोजून द्यायचो. झारेकऱ्याचा अंदाज माझ्या आकड्याच्या इतका जवळ असायचा की मला थोडं वाईटच वाटायचं. त्याच्याकडे ना स्पेक्ट्रोफोटोमीटर ना ब्लँक.

एका शनिवारी बाजारातून परतताना तात्यांच्या दुकानात डोकावलो. पिशवीत त्या दिवशीच्या मोजमापातली एक छोटी बाटली होती, बूच लावलेली, टोल्युइनचा जांभळा थर भरलेली. त्यांनी मागून घेतली, उजेडाकडे धरली, मग नव्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. काट्याने बाटलीचं वजन दाखवलं. ‘‘यात सोनं किती?’’

‘‘साडेसात मायक्रोग्रॅम.’’

‘‘पैशात सांग.’’

तेव्हा तोळा नऊ हजारांच्या घरात होता. कागदावर करून दाखवलं. पाऊण पैसासुद्धा होत नव्हता. वरचं टोल्युइनच दोन-तीन रुपयांचं. तात्या हसले, काचेच्या कपाटाचं कुलूप उघडलं आणि मण्यांच्या डब्या सरकवून बाटली ठुशीच्या शेजारी ठेवली.